कर्दे-मुरुडची पुळण: लहान पोराला घेऊन पाण्यात उतरायचं असेल तर

मुरुड म्हणजे दापोलीचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे. आम्ही राहतो खेडला. इथून दापोली 28-30 किलोमीटर, तिथून कर्दे-मुरुड आणखी दहा-बारा. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना वाटतं, कोकणात राहतात म्हणजे यांना सगळं ठाऊक. त्यामुळे दिवाळी झाली की फोन सुरू होतात: "बाळ चार वर्षांचं आहे, कुठला बीच सेफ?" त्यांना एक नाव हवं असतं. नाव मी सांगते, कर्दे. पण त्याबरोबर तिथी आणि वेळही सांगते, आणि ती मात्र कुणी लिहून घेत नाही.

आधी पुळणीबद्दल. माझी मुलगी पाच वर्षांची. तिला पोहता येत नाही. समुद्रात पोहणं म्हणजे तिच्या लेखी लाटेकडे पाठ करून बसायचं आणि लाट आली की किंचाळायचं. या कार्यक्रमाला लागतं गुडघाभर पाणी (गुडघा तिचा, माझा नव्हे) आणि दमून आलेली लाट. कर्द्याला दोन्ही मिळतं. वाळू बारीक, करड्या रंगाची, ओहोटीला इतकी घट्ट की सायकल चालते. उतार जवळजवळ नाहीच. लाटा लांब आत फुटतात आणि काठापर्यंत येतो तो नुसता फेस. ओहोटीच्या वेळी मी चांगली चाळीस-पन्नास पावलं आत चालत गेले तरी पाणी माझ्या पोटरीच्या वर चढत नाही.

नव्या पुळणीवर गेलं की मी टाच रोवून बघते. पाय घोट्यापर्यंत रुतला, वाळू जाड आणि भुसभुशीत लागली, तर तिथे उतार तीव्र असणार. जाड वाळू उभी राहते, बारीक वाळू पसरते. तीव्र उताराच्या किनाऱ्यावर लाट अगदी काठावर येऊन आपटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. मोठ्या माणसाला त्यात मजा वाटते. पोराचे पाय एका झटक्यात सुटतात आणि पुढच्या दोन पावलांवर पाणी त्याच्या डोक्यावर. गणपतीपुळ्याला देवळासमोरच्या पाण्यात मी मुलीला उतरवत नाही ते याच कारणाने. आरे-वारेची पुळण वरच्या रस्त्यावरूनच डोळे भरून बघावी, फोटो काढावेत आणि पुढे जावं. काशिदची पांढरी वाळू बघून पोरं धावत सुटतात, तिथेही मी हात सोडत नाही. या तिन्ही ठिकाणी माणसं बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत, आणि त्यांत चांगले पोहणारेही असतात.

मात्र सपाट पुळण म्हणजे बिनधोक, असंही नाही. जंजिऱ्याच्या मुरुडला फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे 14 विद्यार्थी बुडाले. सपाट किनाऱ्याची फसवणूक वेगळी असते. आत वाळूचा उंचवटा असतो आणि त्याच्या अलीकडे, काठाच्या बाजूला, लांबट खोलगट पट्टा. ओहोटीला तो पट्टा ओलांडून माणसं उंचवट्यावर जाऊन खेळतात. भरती लागली की आधी पाणी भरतं ते या खोलगट पट्ट्यात, म्हणजे आपल्या पाठीमागे. परत फिरताना घोटाभर पाण्याची कंबर झालेली असते. म्हणून आमचा मुक्काम नेहमी पट्ट्याच्या अलीकडे. तिथे ओहोटीत मागे राहिलेलं पाणी उन्हाने कोमट झालेलं असतं आणि बारक्या कुर्ल्यांनी बिळांभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी काढलेली असते. मुलगी त्या गोळ्या एकेक करून बोटाने चिरडते. कुर्ली बाहेर येते, हिला बघते, आत जाते. यात तासभर सहज जातो आणि समुद्राची आठवणही होत नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे लाटांच्या रांगेतली फट. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एका पट्ट्यात फुटतच नाहीत, पाणी गडद, वर फेस उलट आत चाललेला. नवख्या माणसाला वाटतं, वा, इथे शांत आहे, पोराला इथेच घेऊ. काठावर आलेलं पाणी परत जातं ते नेमकं तिथून. त्यात कुणी सापडलंच तर काठाकडे जोर लावून उपयोग नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. पाच वर्षांच्या मुलीला हे जमणार नाही, म्हणून जागा आपण निवडायची. मी आधी वर सुरूच्या झाडांपाशी पाच-दहा मिनिटं उभी राहून पाण्याकडे बघत असते. नवरा तोवर चहा पिऊन घेतो.

आता वेळेबद्दल. सासूबाई हर्णैच्या. त्यांचा हिशेब तोंडावर: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. तिच्या मागेपुढे सहा तासांवर पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. मोबाइलवरच्या तक्त्याशी मी ताडून पाहिलंय, थोडंफार मागेपुढे होतं, पण पोराला खेळवायला तेवढं पुरतं. गेल्या खेपेला मी म्हटलं, "आई, येत्या शनिवारी जाऊन येऊ का?" त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसती मान वळवली. "शनिवारी दशमी. साडेसातला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी दीडला. भर उन्हात उतरवणारेस पोरीला? पुढच्या रविवारी तृतीया आहे, तेव्हा जा."

आमची ठरलेली वेळ म्हणजे पूर्ण ओहोटी आणि त्यानंतरचा तास-दीड तास. तेव्हा पाणी काठाकडे यायला लागलेलं असतं, जोर धरलेला नसतो. सकाळी जायचं तर कुठल्याही पक्षातली तृतीया ते पंचमी बघावी, ओहोटी आठ ते दहाच्या मध्ये येते. म्हणजे संकष्टीला तुम्ही गणपतीपुळ्याच्या रांगेत उभे असता तेव्हा कर्द्याला उत्तम पाणी असतं. ज्यांना पहाटे उठवत नाही त्यांनी द्वादशी-त्रयोदशी धरावी, ओहोटी दुपारी तीन-चारला, ऊनही कलायला लागलेलं.

पौर्णिमा आणि अमावास्या मात्र मी पोराबरोबर टाळते. उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, ओहोटी साडेपाच-सहाला. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं उतरतं. म्हणजे ओढ सगळ्यात जास्त अडीच ते साडेतीनला. आणि शनिवारी पुण्याहून निघालेली मंडळी पोचतात एकला, सुरमई खाऊन पाण्यात उतरतात तीनला. सुट्टीला जोडून पौर्णिमा आली की हे दर वेळी बघायला मिळतं.

ट्यूबबद्दलही बोलायला हवं, कारण दुकानात आधी तीच डोळ्यांत भरते. बदकाची, डोनटची, फुगवायची. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. काठाशी पाणी निवांत दिसतं ते काही अंशी त्यामुळेच. पण हाच वारा हवेने भरलेली ट्यूब मुलासकट आत ढकलत नेतो आणि आपण मागे धावतो ते पाण्यातून, म्हणजे ट्यूबपेक्षा हळू. आमच्याकडे ट्यूब वाळूत बसायला वापरतात. भाड्याने मिळणारी लाइफ जॅकेटं बहुतेक मोठ्यांच्या मापाची. घालून, पट्टे आवळून, जॅकेटच्या खांद्यांना धरून मुलाला उचलून बघावं. जॅकेट कानापर्यंत वर आलं आणि हनुवटी आत गेली तर ते नको. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं लहान मुलांचं जॅकेट चिपळूणला मिळालं नाही, ऑनलाइन मागवलं. पैसे वसूल. तरीही अंतर एकच: माझा हात लांब केला की तिचा दंड हातात आला पाहिजे. मोबाइल सुरूच्या झाडाखाली, पिशवीत.

कर्दे-मुरुडचा एक गुण मी कापते तो वाहनांपायी. वाळू घट्ट, त्यामुळे लोक थार, इनोव्हा, जे असेल ते थेट पाण्याच्या कडेने पळवतात. त्यात जेट स्की, केळ्याच्या आकाराची ती बोट, सकाळी डॉल्फिन दाखवायला निघालेल्या होड्या. एकदा अगदी आमच्या टॉवेलजवळून चारचाकी गेली. चालवणाऱ्याला बोलले तर म्हणतो, "मॅडम, बीच सगळ्यांचा आहे." बरोबर आहे, पण माझी मुलगी त्याच्या बॉनेटपेक्षाही बुटकी आहे, त्याला ती दिसणार कुठून? यावर उपाय एवढाच की गाड्या जिथून वाळूत उतरतात तिथून दूर, दहा मिनिटं चालत जायचं. पुळण लांबलचक आहे, मोकळी जागा मिळतेच.

दुसरा पर्याय कुणी विचारलाच तर मालवणची चिवला वेळा, म्हणजे चिवला बीच. आम्हाला लांब पडते, पण तिकडे गेलात तर जरूर. समोर खडक आहेत, लाटेचा जोर तिथेच मोडतो आणि आत पाणी निवांत असतं. डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा तिथेच भरते, लहान मुलंसुद्धा भाग घेतात. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरकही कमी होत जातो, त्यामुळे घड्याळाची घाई आपल्याकडच्याइतकी नाही. फक्त पायात चपला हव्यात. खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा पात्यासारखा तळवा कापतात. रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराच्या आत जाऊ नये, बाजूला उभं राहून मासे बघावेत. तिथून जवळच देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, ते दृश्य होडीतून बघायचं. नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी पोरांना पाण्यात सोडायचं नाही, मग ती कुठलीही पुळण असो, कारण ओहोटीला सगळी खाडी त्या एका तोंडातून बाहेर धावते.

हंगाम दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो आणि मे महिन्यात पाणी खवळायला लागतं. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी स्वतः होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण कशाला जायचं?

गोड्या पाण्याची सोय पुळणीवर जेमतेमच. घरून पाच लिटरचा कॅन भरून नेला आणि उन्हात गाडीच्या टपावर ठेवला तर परत येईपर्यंत अंघोळीपुरतं कोमट पाणी तयार होतं. जेवण मात्र पाण्यात उतरण्याआधीच खानावळीत सांगून ठेवा, मुलांसाठी मऊ भात आणि बिनतिखट आमटी वेगळी मागितली की करून देतात. साडेअकराला सांगितलंत तर ताट यायला दीड वाजतो आणि तोवर पोर टेबलावर डोकं टेकून झोपलेलं असतं.