उन्हाळी वाचनाला 'ब्रदर्स कारामाझोव्ह': चार स्टार, आणि पाचवा का कापला

उन्हाळ्यात हलकंफुलकं वाचावं म्हणतात ते मला कधी पटलेलंच नाही, अहो दिवस मोठा असतो, डोकं जरा निवांत असतं, हीच तर जाडजूड पुस्तकं हातावेगळी करायची वेळ. म्हणून यंदा रशियन लेखक दोस्तोयेवस्कीचं 'द ब्रदर्स कारामाझोव्ह' काढलं, आणि जोडीला दोन बारीक पुस्तकं, बायबलमधलं 'ईयोब' आणि व्हिक्टर फ्रँकलचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग'. तिन्ही एकाच गोष्टीभोवती फिरतात, ज्याने काही केलं नाही त्याच्या वाट्याला भोग का येतात आणि त्याचा जाब विचारायचा तरी कुणाला. रिव्ह्यू कारामाझोव्हचाच आहे, बाकीची दोन तोंडी लावायला.

आधी व्यवहाराचं बोलून घेऊ. पानं आठशेच्या आसपास, त्यामुळे बारीक टाइपाची आवृत्ती चुकूनही घेऊ नका, शंभराव्या पानाला डोळे हात टेकतात. इंग्रजीत कॉन्स्टन्स गार्नेटचं १९१२ चं भाषांतर कॉपीराइटच्या बाहेर गेलंय, ई-बुक फुकट मिळतं, भाषा जुनी वाटते पण वाहती आहे. पेव्हियर आणि व्होलोखोन्स्की यांचं १९९० चं जास्त खडबडीत आहे, पात्रं धापा टाकत बोलतात ते त्यात नीट कळतं, टिपाही चांगल्या आहेत. ऑडिओबुक मात्र पहिल्या वाचनाला नको, कारण मित्या, मितेंका आणि दिमित्री फ्योदोरोविच हा एकच माणूस आहे हे कानाला कळेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. (पुढे स्पॉयलर आहेत. पुस्तक १८८० मध्ये पूर्ण झालंय, त्यामुळे फार वाईट वाटून घेणार नाही.)

गोष्ट म्हटली तर खुनाची. लंपट, पैशाला चिकट म्हातारा बाप, तीन पोरं, घरात आचाऱ्याचं काम करणारा चौथा, जो त्याच बापाचा असल्याची गावात कुजबुज. बापाचा खून होतो, आळ थोरल्या मित्यावर येतो. पण खून व्हायला अर्ध्याच्या आसपास पुस्तक जातं, तोवर मठ, भांडणं, प्रेमप्रकरणं, रुबलची उधारउसनवारी. सुरुवात संथ आहे, खोटं कशाला बोलू.

तरी त्या मठाच्या भागातलं बायांचं प्रकरण गाळू नका. लांबून चालत आलेली एक बाई झोसिमा नावाच्या वृद्ध साधूपुढे रडतेय, तिचा तीन वर्षांना तीन महिने कमी असलेला मुलगा गेलाय. साधू आधी ठरलेलं उत्तर देतो, लेकरू देवाजवळ आहे, आनंदात आहे. ती म्हणते नवराही हेच सांगतो, पण माझं पोर आत्ता इथे माझ्याजवळ नाही ना. मग तिने पदराआडून त्या पोराचा छोटासा कंबरपट्टा काढला आणि तो बघूनच तिला हुंदका फुटला. आणि इथे झोसिमा चक्क आपलं बोलणं फिरवतो, म्हणतो सांत्वन करून घेऊ नकोस, रड. दोस्तोयेवस्कीचा स्वतःचा मुलगा मे १८७८ मध्ये फिट येऊन गेला, तीन वर्षांचाही नव्हता, नाव अल्योशा. बाईच्या मुलाचं नावही तेच आहे आणि कादंबरीच्या नायकाचंही. हे माहीत झाल्यावर ती दोन-तीन पानं परत वाचली, आणि मग लक्षात यायला लागलं की या पुस्तकात जो कुणी दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब जुळवून द्यायला जातो तो तोंडावर पडतो, साधू असला तरी.

आता इव्हानचं प्रकरण, ज्यासाठी बहुतेक लोक हे पुस्तक उघडतात. मधला भाऊ, शिकलेला, थंड डोक्याचा, धाकट्या अल्योशाला खानावळीत बसवून लहान मुलांवरच्या अत्याचारांची यादीच वाचतो. पाच वर्षांच्या मुलीला कडाक्याच्या थंडीत रात्रभर संडासात कोंडणारे आईबाप. कुत्र्याच्या पायाला दगड लागला म्हणून आठ वर्षांच्या पोरावर, आईच्या डोळ्यांदेखत, शिकारी कुत्री सोडणारा जनरल. हे किस्से मनाने रचलेले नाहीत, खऱ्या घटनांमधून घेतलेत असं लेखकाने संपादकाला कळवलं होतं. इव्हानचं म्हणणं सरळ आहे, शेवटी सगळा हिशेब मिटेल, सगळे एकमेकांना मिठ्या मारतील, असेलही, पण त्या मेळाची किंमत एका पोराचे अश्रू असतील तर मला त्याचं तिकीट नको, घ्या परत. आणि मधेच तो अल्योशाला विचारतो, त्या जनरलचं काय करायचं? मठातला हा गरीब पोरगा हळूच म्हणतो, गोळी घालायची. इव्हान खूश! न्यायावरची जाड जाड पुस्तकं एका बाजूला आणि तो एक शब्द एका बाजूला, खरंच सांगतो.

लेखक स्वतः श्रद्धाळू, त्याला इव्हानला उत्तर द्यायचं होतं आणि पुढचा अख्खा भाग त्याने झोसिमाच्या शिकवणीला दिलाय. माझ्या मते ते उत्तर पुरत नाही. जे पुरतं ते भलतीकडेच आहे. मित्याला पकडून रात्रभर चौकशी चालते, तो थकून एका पेटीवर आडवा होतो, स्वप्नात त्याला जळालेलं गाव दिसतं, थंडीने काकडलेलं रडणारं बाळ, आणि तो वेड्यासारखा विचारत राहतो, हे पोर का रडतंय, हे लोक गरीब का आहेत. उत्तर कुणी देत नाही. जाग येते तर डोक्याखाली कुणीतरी उशी ठेवलीये. कुणी ठेवली हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि त्या उशीने हा दांडगट माणूस विरघळतो. इव्हानच्या एवढ्या युक्तिवादापुढे फक्त एक उशी, पण वजन बरोबरीचं.

कोर्टाचा भाग मात्र निव्वळ पैसा वसूल. त्या भागाचं नावच 'न्यायालयीन चूक' अशा अर्थाचं आहे, म्हणजे निकाल आधीच फोडलाय आणि तरी तुम्ही श्वास रोखून वाचता. सरकारी वकील मित्याचं मन उलगडून दाखवतो, पीटर्सबर्गहून आलेला बचावाचा वकील तेच मन उलट बाजूने उलगडतो, दोघांचंही पटतं. आणि खरं काय ते कोर्टात सांगितलं जातं हो! इव्हान उभा राहून सांगतो, खून कुणी केला, पैसेही टेबलावर ठेवतो. पण तो तापाने बरळतोय, खरा खुनी आदल्या रात्री गळफास घेऊन मोकळा झालाय, मग कोण ऐकतंय. मित्या दोषी. हेही हवेतून आलेलं नाही, सायबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात दोस्तोयेवस्कीने चार वर्षं काढली, तिथे पितृहत्येची शिक्षा भोगणारा एक कैदी होता, तो निर्दोष होता हे बऱ्याच वर्षांनी उघड झालं.

'ईयोब' आधी वाचलंत तर हे सगळं जास्त भिडेल. एकूण ४२ अध्याय, एका बैठकीत होतात. ईयोब हा भला माणूस, काही चूक नसताना गुरंढोरं, मुलं, तब्येत सगळं गमावून बसतो. त्याचे मित्र पहिले सात दिवस सात रात्री नुसते शेजारी बसतात, तोंड उघडत नाहीत, आणि तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं. नंतर तोंडं उघडतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार, आणि शेवटी देव तक्रार करणाऱ्या ईयोबाला सोडून या शहाण्यांवरच भडकतो. शेवट मला अजून खटकतो. मेंढ्या सात हजारांच्या चौदा हजार मिळाल्या, उंट दुप्पट, बैल दुप्पट, मुलं पुन्हा दहा. पण आधीची दहा मेलीच ना?

फ्रँकल मात्र हल्ली मोटिव्हेशनच्या शेल्फवर ठेवतात ते बघून चिडचिड होते. १९४६ चं पुस्तक, छळछावण्यांतून वाचलेल्या डॉक्टरने लिहिलेलं. दुःखात अर्थ सापडू शकतो म्हणतो तो, पण टाळता येण्यासारखं दुःख असेल तर आधी त्याचं कारण दूर करा, उगाच सोसत बसण्यात मोठेपणा नाही, हेही त्यानेच लिहिलंय आणि नेमकं तेच वाक्य कुणी स्टेटसला टाकत नाही.

आता कापलेल्या स्टारचं. शेवटाकडे एक मुलगी अल्योशाला विचारते, ज्यू लोक सणाला मुलं पळवून मारतात हे खरं का. ही शतकानुशतकं चाललेली खोटी अफवा, तिच्यापायी कितीतरी निरपराध ज्यू मारले गेले. आणि आपला हा सज्जन अल्योशा म्हणतो, मला माहीत नाही. निष्पापांच्या छळावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या लेखकाला इथे एक 'नाही' लिहिता आलं नाही. काळ तसा होता वगैरे सांगू नका, पोलिश माणसांची टवाळीही त्याने अशीच हात सैल सोडून केलीये.

तरी घ्या. आठशे पानांची धास्ती वाटत असेल तर फुकटच्या ई-बुकात पाचव्या भागातलं चौथं प्रकरण उघडा, तेच ते खानावळीतलं. ते वाचून पुढे जावंसं वाटलं नाही तर विषय सोडा.