गणपतीला गावच्या भाच्यासाठी काय न्यावं: एसएसडी, रॅम की यूपीएस?

"मामा, कॉम्प्युटर चालू करून च्याय पिऊन येतंय, तरी गोल फिरताच असता." फोनवर हे ऐकलं की मुंबईतल्या चाकरमान्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागतात. यंदा शर्ट-पँटपेक्षा पोराच्या कॉम्प्युटरला काहीतरी घेऊन जाऊ. पण काय?

शहरात हा प्रश्न एवढा अवघड नाही. बसलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बदलून आणता येतं. लॅमिंग्टन रोडवर घेतलेला पार्ट मात्र कुडाळच्या पुढच्या एखाद्या वाडीत पोचून बसला नाही, तर तो थेट शिमग्यापर्यंत कपाटात पडतो. ऑनलाइन मागवलं तर बदलून घ्यायची मुदत तुमच्या रजेआधीच संपायची. म्हणून माझी पहिली कसोटी वेगाची नाही, चुकण्याची शक्यता किती ही आहे.

या कसोटीवर एसएसडी पहिला, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. जुन्या मशिनात हार्ड डिस्क असेल तर रखडण्याचं कारण बहुतेक वेळा तीच असते. तिच्यातली तबकडी फिरते आणि छोट्या-छोट्या फायलींसाठी तिचा काटा सतत जागा बदलत राहतो. सलग वाचतानाही ती सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, साटा या जुन्या जोडणीचा अडीच इंची एसएसडी ५५०च्या आसपास. एनव्हीएमई हा एसएसडीचा नवा प्रकार याच्या कितीतरी पुढे जातो, पण बिलं, फॉर्म आणि होमस्टेचं बुकिंग सांभाळणाऱ्याला तो फरक जाणवणार नाही, शिवाय जुन्या मशिनात तो बसवायची जागा, म्हणजे स्लॉटच, बहुधा नसतो. अडीच इंचीच घ्या. तो लॅपटॉपलाही चालतो, डेस्कटॉपलाही, आणि उद्या मशिन भंगारात गेलं तर काढून दुसऱ्यात लावता येतो.

फक्त डेस्कटॉपसाठी साटा केबल वेगळी घ्या. एसएसडीच्या डब्यात ती सहसा नसते, आणि ऐन चतुर्थीच्या दिवशी ती शोधत तालुक्याला कोण जाणार? जुनी हार्ड डिस्क फेकू देऊ नका. यूएसबी केसिंगमध्ये घातली की तिच्यावरचे लग्नाचे, बारशाचे फोटो जागच्या जागी राहतात. हे केसिंगही सोबतच दिलंत तर भेट पुरी झाली.

रॅमचं, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीचं, तसं नाही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिच्या पिढ्या, तिघींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड, डेस्कटॉपची लांब. डीडीआर३वाल्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे विषयच संपला. त्यात २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. तरी मशिनात ४ जीबीच असेल आणि ब्राउझरची आठ-दहा पानं उघडली की ते गुदमरत असेल, तर आणखी ४ जीबीने फरक पडतो.

पण आधी विचारा. भाच्याला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायला सांगा, परफॉर्मन्समध्ये मेमरी निवडून स्क्रीनचा फोटो मागवा. एकूण स्लॉटपैकी किती भरलेत ते तिथे दिसतं. वेग १६०० असेल तर बहुधा डीडीआर३, २१३३ ते ३२०० असेल तर डीडीआर४, ४८०० किंवा वर असेल तर डीडीआर५. त्याच पानावर डिस्कपुढे एचडीडी की एसएसडी तेही कळतं. गुपित फुटेल, फुटू दे.

यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी थोडा वेळ बॅटरीवर मशिन चालू ठेवणारा डबा, हे खास आपल्याकडचं उत्तर. पावसात लाइट जायची वेळ सांगता येत नाही, आणि डेस्कटॉप धाडकन बंद पडला की अर्धवट भरलेला फॉर्म तर जातोच, कधी विंडोजही बिघडतं. ६०० व्हीए क्षमतेचा साधा यूपीएस काम जतन करून मशिन नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. आत शिशाची बॅटरी असते, म्हणून वजनदार. तुतारी एक्सप्रेसच्या गर्दीत तो उचलून नेण्यापेक्षा कणकवलीत किंवा चिपळूणला घ्या, म्हणजे दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायलाही तेच दुकान कामी येईल. वीज कडाडायला लागली की प्लग मात्र काढायचाच, यूपीएस असला तरी. घरात लॅपटॉप असेल तर यूपीएस नको, त्याऐवजी राउटरला छोटा १२ व्होल्टचा बॅकअप द्या, त्याची किंमतही कमी.

ग्राफिक्स कार्ड सरप्राइज म्हणून कधीच नको. पॉवर सप्लाय पुरेल का, कॅबिनेटमध्ये मावेल का, सगळंच अंधारात.

मशिन किती जुनं आहे तेही बघा. विंडोज १०ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, आणि इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक मशिनांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा मशिनात डीडीआर३ असेल तर रॅमवर पैसे घालू नका, ती पट्टी पुढच्या मशिनाला उपयोगी पडणार नाही. एसएसडी चालेल, यूपीएस चालेल.

काहीही घेतलंत तरी बिलाचा आणि वस्तूवरच्या सीरियल नंबरचा फोटो भाच्याच्या फोनवर पाठवून ठेवा. वॉरंटीसाठी दुकानदार तोच मागणार, आणि तेव्हा तुम्ही ऑफिसात असणार.