दाराजवळचा टच पॅनल: वायफाय आणि सिक्युरिटी सेटिंगबद्दल, पावसाळाभर वापरून झाल्यावर

सात इंची पॅनल, व्हिडिओ डोअर फोन प्लस हॉलचे लाइट आणि दाराचं इलेक्ट्रिक लॉक. स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत लिहीत बसत नाही. लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आम्ही इंटरनेट कनेक्शन बदललं, नवीन राउटर आला, फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळं पटापट जोडलं गेलं आणि हा पॅनल मात्र अडून बसला. स्क्रीनवर एकच ओळ, 'कनेक्ट होऊ शकत नाही'. का होऊ शकत नाही ते कुठेच नाही. पासवर्ड चुकला, सिग्नल पोचत नाही, सिक्युरिटीचा प्रकार जुळत नाही, राउटरने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला नाही, या चार पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, चौघींचे उपाय वेगळे आहेत आणि मेसेज मात्र सगळ्यांना तोच.

कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, राउटरचा पासवर्ड काढून टाका, ओपन ठेवा, लगेच लागेल." मला खरंच राग आला. ज्या यंत्रावरून घराचं दार उघडतं, ज्याच्यात कॅमेरा आहे, ते बिनपासवर्डच्या वायफायवर ठेवा असं कंपनीचा माणूस सांगतो? आम्ही कोलशेत रोडला टॉवरमध्ये राहतो, वरच्या-खालच्या, शेजारच्या विंगची नेटवर्कं फोनवर स्क्रोल करत बघावी लागतात इतकी आहेत. दुसरा पर्याय काय तर इंजिनियर व्हिजिट, ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. पॅनल वॉरंटीत आहे, पण 'नेटवर्क सेटिंग वॉरंटीत येत नाही'. मी नाही दिले. त्यात घरचा आठवड्याचा भाजीपाला येतो.

कारण काय होतं ते सांगते, कोणाचे ५९० वाचतील. नवीन राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन्ही बँड एकाच नावाने देतो आणि वायफायची सिक्युरिटी राउटरच्या कंपनीकडूनच 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स' (जुनी आणि नवी सुरक्षा पद्धत एकत्र) ठेवून आलेली असते. पॅनलला कळतं फक्त २.४ आणि फक्त डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीए३ आलं २०१८ ला, डब्ल्यूपीए२ तर २००४ चं. मिक्स मोडवर जुनी उपकरणं चालायला पाहिजेत असं आहे, पण बरीच अडखळतात, हा त्यातलाच. उपाय एकदम साधा निघाला, राउटरच्या ॲपमध्ये गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) चालू केलं, त्याला वेगळं नाव, फक्त २.४, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ पर्सनल, एन्क्रिप्शन एईएस. पॅनल लगेच जोडला गेला. मेन नेटवर्क होतं तसंच मिक्सवर राहिलं, पॅनलसाठी बाकीच्या घराची सिक्युरिटी खाली आणायची गरज पडली नाही.

गेस्टवर ठेवायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पाहुणा हॉलमध्ये बसतो, कपाटाच्या खोलीत जात नाही, तसंच हे आहे, पॅनलमध्ये उद्या कोणी घुसलं तरी ह्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही. २०१६ ला मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचे रेकॉर्डर) आणि राउटर ताब्यात घेतले होते ते फक्त फॅक्टरीचे पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. त्यामुळे पॅनलचा स्वतःचा ॲडमिन पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला. एक लक्षात ठेवा, पहिल्यांदा ॲप जोडताना फोनसुद्धा गेस्ट नेटवर्कवर आणावा लागतो, नाहीतर ॲपला पॅनल सापडतच नाही. नंतर फोन परत मेनवर नेला तरी चालतं, मग सगळं इंटरनेटवरून जातं.

आता माझी खरी तक्रार. पासवर्ड टाइप करायचा कीबोर्ड. अक्षरं पहिल्या पानावर, आकडे दुसऱ्या, चिन्हं तिसऱ्या पानावर, आणि एक चिन्ह दाबलं की आपोआप परत पहिल्या पानावर. दाबलेलं अक्षर त्याच क्षणी ठिपका होतं, दिसतसुद्धा नाही. पासवर्ड दाखवायचं डोळ्याचं बटण नाही. 'एन' आणि 'एम' इतके चिकटून आहेत की अंगठ्याने कुठलं लागलं ते कळत नाही, म्हणून करंगळीने दाबायचं. फोनवर वाचून बघायला मान वळवली आणि थोडा वेळ हात लागला नाही की स्क्रीन झोपते आणि लिहिलेलं सगळं पुसलं जातं. हे सगळं भिंतीसमोर उभं राहून.

ही छोटी गोष्ट नाही हो. डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, पण या कीबोर्डवर कोण वीस अक्षरं टाकणार? माणूस कंटाळतो आणि १२३४५६७८ ठेवतो. आमच्याच मजल्यावर एकांनी तेच ठेवलं होतं. म्हणजे कीबोर्ड वाईट म्हणून घराची सुरक्षा वाईट. कंपनीने कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर जेवढं डोकं लावलं त्यातलं थोडं इथे लावलं असतं तर बरं झालं असतं. मी काढलेला मार्ग असा, चिन्हं नकोतच, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये सलग, सगळी छोटी अक्षरं. पानं बदलावी लागत नाहीत आणि लांबीमुळे पासवर्ड भक्कम होतो. फ्लॅट नंबर, आडनाव, मोबाइल नंबर घालू नका.

कीबोर्ड टाळायला पॅनल डब्ल्यूपीएस (पासवर्ड न लिहिता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) वापरा असं सुचवतो. पिनवालं डब्ल्यूपीएस राउटरमध्ये बंदच करा. तो आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून जाहीर आहे. सिक्युरिटीच्या यादीत डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी पद्धत पण दिसेल, त्याला हात लावू नका, २००४ पासून ते बाद आहे.

इथपर्यंत लिहिलेलं वाचून वाटेल की मी दोन स्टार देतेय. महिन्यापूर्वी दिले असते. पण गेस्ट नेटवर्क लागल्यावर उरलेला एकच त्रास होता, लाइट गेली आणि आली की ॲप लॉगिन होत नव्हतं. बघितलं तर पॅनलची तारीख १ जानेवारी १९७०. सुरक्षित कनेक्शन करताना सर्व्हरच्या सर्टिफिकेटची, म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत तपासतात, तारीख १९७० असेल तर ते सर्टिफिकेट लागूच होत नाही, म्हणून लॉगिन नाही. पॅनल राउटरच्या आधी चालू होत होता, वेळ घ्यायला इंटरनेट नसायचं आणि परत प्रयत्न करत नव्हता. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला, वेळ 'ऑटो' केली, राउटरमध्ये पॅनलचा आयपी राखून ठेवला, म्हणजे तो दर वेळी तोच मिळतो. तेव्हापासून एकदाही पडला नाही. आमच्या टॉवरच्या सगळ्या भिंती मायवानच्या, काँक्रीटच्या, ५ गिगाहर्ट्झ बेडरूमपर्यंत धड येत नाही, पण २.४ दारापर्यंत व्यवस्थित येतं. तुमच्याकडे अडलं तर राउटरमध्ये २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यातला मोकळा बघून ठेवा.

आणि एक गोष्ट मनापासून आवडली. बाहेरचं युनिट वायरने जोडलेलं आहे, त्यामुळे गणपतीत इंटरनेट दिवसभर बंद होतं तरी बेल वाजत होती, चेहरा दिसत होता, सासूबाई आतूनच "कोण पाहिजे?" विचारत होत्या. त्यांना गुडघ्यामुळे सारखं उठवत नाही, त्यांच्यासाठी हा पॅनल फार मोठी सोय आहे. फक्त सेटिंगच्या पानाला पिन लावा, नाहीतर दारात आलेल्या कोणालाही नेटवर्कचं पान उघडता येतं.

सध्या साडेतीन स्टार. कीबोर्डची तक्रार लेखी दिली आहे, अजून ओपन आहे. डोळ्याचं बटण अपडेटमध्ये आलं तर अर्धा वाढवीन. आणि पॅनल विकणार किंवा भाड्याचं घर सोडणार असाल तर फॅक्टरी रीसेट करूनच निघा, वायफायचा पासवर्ड आत साठवलेला राहतो.