कुरिअरमध्ये तडकलेली गिटार आणि शाहूपुरीतील दुरुस्ती

बेंगळुरूहून कुरिअरने मागवलेल्या माझ्या अकूस्टिक गिटारची मान हेडस्टॉकपाशी (खुंट्या असलेल्या टोकापाशी) तडकली होती. खोक्यावर ‘नाजूक वस्तू’ अशी चिठ्ठी होती, पण आत हेडस्टॉकखाली आधारच नव्हता. कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका छोट्या दुकानात ती दुरुस्त करून घेतली आणि काम चोख झाले. कारागिरांनी तारा उतरवून तडा हलकेच उघडला, लाकडाचे तंतू एकमेकांत नेमके बसतात का हे आधी गोंदाशिवायच जुळवून पाहिले, मग लाकडाचा गोंद सिरिंजने आतवर भरून क्लॅम्प लावले आणि पुरते २४ तास गिटारला कोणाला हात लावू दिला नाही. आधीच कोणी फेविक्विक ओतलेले असेल तर हेच काम फार अवघड होते, असे त्यांनी सांगितले. आता सांधा नखाला लागत नाही. उजेडात तिरकी धरल्यास पॉलिशमधील रेघ मात्र दिसते, आणि ती पूर्ण जाईल असे आश्वासन त्यांनी दिलेही नव्हते. सांगितलेली तारीख टळली, एवढीच तक्रार. (तंतुवाद्यांचे मिरज इतके जवळ असूनही गिटारचा कारागीर शोधावा लागतो, याचे नवल वाटते.) बाहेरगावी पाठवायची गिटार ते तारा सैल करून, हार्ड केसमध्ये मानेखाली आणि हेडस्टॉकभोवती कापड ठासूनच बांधून देतात.