रोस्पिस की क्रॉस स्टिच?

उत्तर रशियातल्या जुन्या भरतकामात लाल दोऱ्याची रोस्पिस दिसते. हा दुहेरी धावदोरा. सुई जाताना एकाआड एक टाका घेते, परतताना राहिलेल्या जागा भरते. म्हणून कापड उलटं धरलं तरी नक्षी तीच. त्या नक्षीत अनेकदा मधोमध हात उंचावलेली स्त्री, दोन्ही बाजूंना घोडेस्वार. १९२६ मध्ये पुरातत्त्वज्ञ वसिली गोरोद्त्सोव यांनी तिच्यात प्राचीन देवी पाहिली. ते सगळ्यांना पटलेलं नाही.

क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका, शिकायला सोपा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टाक्यातले लाल-काळे गुलाब खेड्यापाड्यांत पोचले ते छापील नमुन्यांमुळे. मॉस्कोच्या ब्रोकार कंपनीच्या साबणाच्या वेष्टनांवरही असे नमुने असत! त्या गुलाबांत कुणी देवी शोधू नये. सफाई बघायची तर मी रोस्पिसच निवडेन. पण बाजार खेड्यात कसा शिरला, हे गुलाबच सांगतात.