एकटं दा विंची रिझॉल्व्ह की तिघांची टोळी?

ताईने भाच्याच्या क्रिकेट सामन्याचं तीन तासांचं मोबाइल शूटिंग दाखवून विचारलं, "कशात एडिट करू रे?" पर्याय दोन: सगळं दा विंची रिझॉल्व्ह या एकाच व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, किंवा लॉसलेसकट, शॉटकट आणि हँडब्रेक ही तीन छोटी सॉफ्टवेअर मिळून.

खर्च? दोन्हीकडे शून्य. रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही ४के, म्हणजे अतिशय सुस्पष्ट, व्हिडिओ देते, घरच्या कामाला भरपूर.

खरा फरक कॉम्प्युटरवर पडतो. रिझॉल्व्हला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं. ताईच्या जुन्या लॅपटॉपवर ते रडतखडत चाललं. लॉसलेसकट मात्र व्हिडिओ नव्याने एन्कोड न करता, म्हणजे पुन्हा दाबून फाइल न बनवता, नुसता कापतं, त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि काम झटपट होतं. अट एकच: काप की-फ्रेमवरच, म्हणजे व्हिडिओत ठरावीक अंतराने येणाऱ्या पूर्ण चित्रावरच, बसतो, म्हणून तुकडा कधी सेकंद-दोन सेकंद आधी सुरू होतो. क्रिकेटमध्ये ते पथ्यावरच पडतं, रनअप दिसतो! मग शॉटकटमध्ये धावफलक आणि संगीत. शेवटी फाइल लहान करायला हँडब्रेक, पण ती पायरी व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तरच. प्रत्येक एन्कोडला दर्जा थोडा घसरतो.

टोळीचा त्रास म्हणजे फायलींचा पसारा. नंतर एक झेल आठवला की पुन्हा पहिल्यापासून. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर तो सरळ घुसवता येतो. स्लो मोशनही त्याचं सरस, ऑप्टिकल फ्लोमुळे, म्हणजे मधली चित्रं ते स्वतःच तयार करतं म्हणून.

दर रविवारचे सामने कापून नातेवाइकांना पाठवायचे असतील तर टोळी घ्या. वर्षाखेरीची देखणी फिल्म करायचीय आणि मशीन तगडं आहे, तर रिझॉल्व्ह. ताईला मी टोळीच दिली.