फॉस्फरसची गोळी: कॅल्शियम ॲसिटेट घ्यावी की सेवेलामर?

डायलिसिसवरच्या पेशंटचा रक्तातला फॉस्फरस ५.५ (मिलिग्रॅम/डेसिलिटर) च्या वर टिकून राहिला की जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधणारी, जेवणासोबतची गोळी लागते. मग घरात प्रश्न पडतो: स्वस्तातली कॅल्शियम ॲसिटेट चालेल, की महागडी सेवेलामरच हवी? आधी पेशंटचा कॅल्शियमचा रिपोर्ट पाहा, किंमत नंतर.

कॅल्शियम ॲसिटेटच्या ६६७ मिलिग्रॅमच्या गोळीत १६९ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीन वेळा दोन-दोन घेतल्या की दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम पोटात जातं. काही फॉस्फरसला धरून शौचावाटे निघतं, काही रक्तात शिरतं. ज्याचं कॅल्शियम मुळातच कमी आहे त्याला हे सोयीचंच. पण रक्तातलं कॅल्शियम १०.२ (मिलिग्रॅम/डेसिलिटर) च्या वर असेल, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) फार खाली असेल, किंवा एक्स-रेत रक्तवाहिन्यांवर कॅल्शियम साचलेलं दिसत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांकडे सेवेलामरचा विषय काढा. कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं औषध) चालू असलेल्यांनी तर नक्कीच, कारण ते आतड्यातून आणखी कॅल्शियम ओढतं.

सेवेलामरमध्ये कॅल्शियम नाही, आणि वाईट कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. सुरुवात बहुधा ८०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने, तिन्ही जेवणांसोबत. गोळी चावू नये, फोडू नये. ती ओली झाली की फुगते. खरा त्रास बद्धकोष्ठाचा. पाणी मोजून प्यावं लागतं, त्यामुळे इसबगोल मनाने सुरू करू नका. पोट साफ नसेल तर पोटॅशियमही चढतं, म्हणून हे लगेच सांगा. घेताना ‘कार्बोनेट’ लिहिलेली पाहा. हायड्रोक्लोराइड प्रकाराने रक्तातलं आम्ल वाढतं.

लॅन्थॅनम हा फॉस्फरस बांधणारा तिसरा पर्याय. त्याच्या गोळ्या कमी लागतात, पण महाग पडतात आणि नीट चावून खाव्या लागतात. दात नसलेल्या आजोबांना त्या देऊन उपयोग नाही.

कोणतीही निवडा, तिची ताकद मर्यादितच. पहिल्या दोन्हींची एक गोळी साधारण ३० मिलिग्रॅम फॉस्फरस बांधते. आता सोलापुरी ताट पाहा. कडक भाकरीवर दोन मोठे चमचे शेंगाची चटणी, म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम शेंगदाणे, ९० मिलिग्रॅम फॉस्फरस. त्यातला बराचसा शरीरात न शिरता बाहेर पडतो, म्हणून एक चमचा चटणी आम्ही तोडायला सांगत नाही. मटणातला मात्र जास्त शोषला जातो, आणि १०० ग्रॅममध्ये तो २०० च्या आसपास असतो. सगळ्यात वाईट उन्हाळ्यातला काळा कोला आणि पाकीटबंद चीज. त्यातला फॉस्फेट जवळपास सगळा रक्तात जातो. वेष्टनावर घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे फॉस्फेटचे आकडे दिसले की पाकीट परत ठेवा.

म्हणून गोळ्या ताटाप्रमाणे वाटून घ्यायची मुभा डॉक्टरांकडून मागा: मटणाच्या जेवणाला दोन, हलक्या नाश्त्याला एक किंवा शून्य. गोळी पहिल्या घासापासून मध्यापर्यंत कधीही. जेवून तासाभराने आठवली तर सोडून द्या, तोवर फॉस्फरस पुढे गेलेला असतो. उपाशीपोटी घेतलेल्या कॅल्शियम ॲसिटेटने फॉस्फरस उतरत नाही, कॅल्शियम तेवढं वाढतं.

थायरॉइडची गोळी आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक यांच्यासोबत फॉस्फरसची गोळी घेऊ नका. ही औषधं बांधली जाऊन वाया जातात. किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

डोस बदलल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा, आणि फॉस्फरससोबत कॅल्शियमही त्याच नळीतून करून घ्या.